संध्याकाळी सहानंतर

"ब्लॅक टाय म्हणजे काळा टायच ना?" यांनी विचारलं. चष्मा कपाळावर सारला, हातातला कागद पुन्हा एकदा डोळ्यांजवळ धरून वाचला आणि मग माझ्याकडे दिला. मीही वाचला. मलाही कळलं नाही. हे वीज मंडळातून निवृत्त झालेले, मी साताऱ्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढलेली. कागद वाचणं हा आम्हा दोघांच्या रोजच्या कामाचाच भाग होता. पण जहाजावर रात्री जेवताना काय घालावं हे सांगणाऱ्या त्या एका पानाने आम्हांला पार गोंधळवून टाकलं.

प्रवास मुलाने ठरवला होता. तो इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो, लेक न्यू जर्सीत. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून त्याने आग्रह धरला : "माझ्याकडे महिनाभर राहा आणि मग ताईकडे जा. पण विमानाने नाही, बोटीने." साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क, 'क्वीन मेरी २', सात रात्री. तिकिटाचा आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी त्याने कपड्यांच्या सूचना पाठवल्या. दिवसभर जहाजावर काहीही घाला, संध्याकाळी सहानंतर मात्र नियम आहेत, असं त्यात लिहिलं होतं.

फोनवर त्याने एकेक शब्द उलगडून सांगितला. 'ब्लॅक टाय' म्हणजे नुसता गळ्यात बांधायचा काळा टाय नव्हे, तो आख्खा पोशाख असतो. कॉलरच्या दुमडीवर रेशमी पट्टी असलेलं काळं डिनर जॅकेट, पांढरा शर्ट, काळी पँट आणि गळ्याशी काळा बो. अमेरिकेत त्यालाच टक्सिडो म्हणतात, न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्क या वसाहतीच्या नावावरून. 'व्हाइट टाय' त्याच्याही वरचा, मागे शेपटी असलेल्या कोटाचा. तो आपल्याला लागणार नाही. सात रात्रींपैकी दोन 'गाला इव्हनिंग' असतील. एक काळ्या-पांढऱ्या रंगांची, एक लाल-सोनेरी रंगांची. त्या दोन रात्री पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट आणि टाय घालायचा, बायकांनी लांब गाऊन किंवा तसाच समारंभाचा पोशाख. उरलेल्या पाच रात्री 'स्मार्ट'.

'स्मार्ट' या शब्दाशी मी सगळ्यात जास्त अडले. आपल्याकडे पोर स्मार्ट असतं, फोन स्मार्ट असतो. कपडे स्मार्ट म्हणजे कसे? मुलगा म्हणाला, "आई, साताऱ्यात तू कुणाच्या घरी केळवणाला जाताना जे नेसशील ते. लग्नाला नेसशील ते गाला." इतका सोपा अर्थ मला त्या पानावर कुठेच सापडला नव्हता. कुणाला जहाजावर जायचं असेल तर मी हेच सांगेन : केळवण आणि लग्न, एवढा फरक लक्षात ठेवा.

तरी यांच्या कपड्यांचा प्रश्न उरलाच. लग्नातला सूट अंगात शिरत नव्हता. पुण्यात एका दुकानात डिनर जॅकेटचा संच पाहायला गेलो. विक्रेत्या मुलाने जॅकेट, शर्ट, बो असं एकेक काउंटरवर मांडलं आणि शेवटी चुण्याचुण्यांचा एक रुंद काळा पट्टा ठेवला. "हे कमरबँड, सर. कमरेला बांधायचं." मी तो पट्टा हातात घेतला आणि शब्दाशीच थांबले. कमरबंद! फारसीतून हिंदुस्तानीत आलेला आपला शब्द. आपल्याकडचे साहेब लोक तो कमरेला बांधू लागले आणि विलायतेच्या जेवणाच्या टेबलापर्यंत घेऊन गेले. लाल समुद्रातल्या उकाड्यात जॅकेट घालणं अशक्य व्हायचं, तेव्हा तिकडून ये-जा करणारे इंग्रज पांढरा शर्ट, काळी पँट आणि कमरबंद एवढ्यावरच रात्रीचं जेवण घेत. त्या पोशाखाला 'रेड सी रिग' असं नावच पडलं. ज्या पोशाखाच्या धास्तीने आम्ही काळजी करत बसलो होतो, त्याचा मधला पट्टा आमच्याच बाजूने गेलेला होता. पण यांना तो संच अंगावर परका वाटला. त्यांनी काळा बंदगळा, जोधपुरी कोट शिवून घेतला. सूचनांमध्ये एक ओळ होती, की गाला इव्हनिंगला आपापल्या देशाचा औपचारिक पोशाखही चालेल. त्या ओळीवर भरवसा ठेवायचा की नाही, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत ठरवता येत नव्हतं.

माझं त्याहून अवघड झालं. लेक व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आई, एक तरी गाऊन घे. सगळ्या जणी गाऊनमध्ये असतील, तुला वेगळं वाटायला नको." तिने ते काळजीनेच सांगितलं होतं. मी घेतला, काळा, पायघोळ. दुकानातल्या आरशात जी बाई दिसत होती ती वाईट दिसत नव्हती. पण हात कुठे ठेवावेत हे तिला सुचत नव्हतं. चाळीस वर्षं माझ्या डाव्या हाताला पदराची सवय आहे. पदर नाही म्हटल्यावर तो हात बेवारशासारखा लोंबकळत राहिला.

आणि काळा रंग! जाऊ म्हणाली, "लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाचा प्रवास, आणि काळं घालतेस?" आपल्याकडे शुभकार्याला काळं वर्ज्य. वर्षातून एकच दिवस त्याला मान, संक्रांतीचा. माझ्या कपाटात एकच काळी साडी होती, लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सासूबाईंनी घेतलेली चंद्रकळा. काळीभोर, अंगभर बारीक रुपेरी बुट्टे, लाल काठ. हलव्याचे दागिने घालून त्या साडीत काढलेला माझा फोटो अजून भिंतीवर आहे. मी ती मलमलीत गुंडाळून बॅगेत ठेवली. तिच्याशेजारी गाऊनही ठेवला. निर्णय काही झाला नव्हता.

साउथॅम्प्टनला जहाजात चढताना मला गांधीजी आठवत होते. सप्टेंबर १८८८ मध्ये, एकोणीस वर्षांचे होत आलेले गांधीजी 'क्लाइड' नावाच्या बोटीने मुंबईहून निघाले आणि त्यांच्या आठवणीप्रमाणे याच बंदरात उतरले. आत्मकथेत त्यांनी त्या प्रवासाबद्दल मोकळेपणाने लिहिलं आहे. बोटीवर ते काळा सूट घालत. काट्याचमच्यांची सवय नाही, इंग्रजी बोलायचा संकोच, कुठल्या पदार्थात मांस आहे हे विचारायचं धैर्य नाही, म्हणून जेवणघरात न जाता घरून आणलेली मिठाई आणि फळं केबिनमध्येच खात. उतरताना घालायला म्हणून पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट त्यांनी मुद्दाम राखून ठेवला होता. सप्टेंबर संपत आलेला. धक्क्यावर पाय ठेवला आणि त्यांच्या लक्षात आलं, की असले कपडे घातलेले आपण एकटेच आहोत. ग्रंथालयात असताना मी हे पान कितीतरी वेळा वाचलं होतं. त्यातला एकटेपणा काय असतो, ते मला त्या पहिल्या संध्याकाळी समजलं.

सहा वाजले आणि जहाजाचा चेहरा बदलला. दुपारपर्यंत खेळाचे बूट आणि टी-शर्ट घालून फिरणारी माणसं कोटात, पायघोळ कपड्यांत, मोत्यांच्या माळांत केबिनबाहेर पडू लागली. ती गालाची रात्र नव्हती, साधी स्मार्ट होती. हे कॉलरच्या शर्टात, मी इरकलीत. नियमाने आम्ही अगदी बरोबर होतो. तरी तिसऱ्या डेकवर मुख्य भोजनगृहाच्या दाराशी पोचलो आणि दोघांचे पाय थबकले. या भोजनगृहाचं नाव ब्रिटानिया. हे जहाज चालवणाऱ्या कंपनीच्या १८४० मधल्या पहिल्या अटलांटिक बोटीवरून ठेवलेलं. आत तीन मजले उंच दालन, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, समोर भिंतभर विणलेलं जहाजाचं चित्र. आम्ही एकमेकांकडे पाहिलं, काही न बोलता मागे वळलो आणि सातव्या डेकवरच्या बुफेत जाऊन जेवलो. तिथे कपड्यांची सक्ती नसते. जेवण चांगलं होतं. खिडकीबाहेर इंग्लंडचा किनारा काळोखात मागे जात होता. पण माझा घास घशात अडकत होता.

मला तेव्हा आमच्या गावच्या वाड्यातलं स्वयंपाकघर दिसत होतं. आजीचं सोवळं. कुणाचा स्पर्श होऊ नये म्हणून तिचं सोवळ्याचं लुगडं काठीने उंच वलणीवर वाळत पडायचं. आजोबा मुकटा नेसल्याशिवाय पाटावर बसत नसत. पानाभोवती रांगोळी, उदबत्ती, चित्राहुती. जेवणासाठी कपडे बदलण्याची रीत इंग्रजांनी आम्हांला शिकवायला नको होती. ती आमच्या घरात रोज दुपारी होती. अन्नापुढे बसताना स्वच्छ होऊन बसावं, यातली श्रद्धा खरी होती, आणि आजी ती मनापासून पाळायची. पण त्याच घरात शेतावरचा गडी मागच्या अंगणात, वेगळ्या ताटात जेवायचा. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा त्याच्याजवळ जाऊन बसले, तर मला आंघोळ घालूनच घरात घेतलं. तो माणूस त्या वेळी खाली मान घालून भात कालवत राहिला. ती मान मी विसरलेले नाही. त्या रात्री बुफेतल्या टेबलावर मला कुणीही हाकललेलं नव्हतं. तरी कपड्यांच्या दारातून मागे फिरणं काय असतं, ते आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वाट्याला आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चंद्रकळा घेऊन इस्त्रीच्या खोलीत गेले. जहाजावर केबिनमध्ये इस्त्री वापरू देत नाहीत, आगीचा धोका म्हणून. घरून आणलेलीही चढताना काढून ठेवतात. त्याऐवजी कपडे धुण्याच्या खोल्या आहेत. तिथे यंत्रं, इस्त्र्या, टेबलं सगळं फुकट. गालाच्या दिवशी तिथे रांग लागते. माझ्यापुढे यॉर्कशरच्या एक ऐंशीच्या बाई होत्या. एकट्याच प्रवास करत होत्या. त्यांनी माझ्या हातातल्या कापडाकडे पाहिलं, विचारलं, आणि मी सांगत गेले, की आमच्याकडे थंडीत, सूर्य उत्तरेकडे वळताना एक सण येतो, त्या एकाच सणाला आम्ही काळं नेसतो, काळा रंग ऊब धरतो म्हणून. त्यांनी काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "मग आज संध्याकाळी हीच नेसणार ना?"

मी आदल्या रात्रीबद्दल त्यांना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ही, की जुन्या बोटींच्या काळात पहिल्या आणि शेवटच्या रात्री कुणी नटून जेवायला येत नसे, कारण पहिल्या दिवशी पेट्या उघडलेल्या नसायच्या आणि शेवटच्या दिवशी बांधून झालेल्या असायच्या. काल आम्ही सगळ्यात सोप्या रात्री घाबरलो होतो. दुसरी गोष्ट त्यांनी स्वतःचा काळा ड्रेस हँगरला लावता लावता सांगितली. "हा मी चौदा वर्षं घालतेय. दर वेळी फक्त स्कार्फ बदलते. माझ्याकडे कुणी पाहावं म्हणून मी हा घालत नाही. टेबलावर बसलेल्या बाकीच्यांना वाटावं, की ही बाई आपल्यासोबत जेवायला तयार होऊन आली आहे, म्हणून घालते."

तयार होऊन येणं. मराठीत आपण 'तयार हो' म्हणतो, तेव्हा नेमकं हेच म्हणत असतो.

केबिनमध्ये परतल्यावर पलंगावर एकीकडे गाऊन आणि एकीकडे चंद्रकळा असं दोन्ही मांडलं. डोळ्यांपुढे एक फोटो आला. ग्रंथालयातल्या चरित्रविभागातल्या एका पुस्तकात तो होता, आणि दर ८ मार्चच्या प्रदर्शनात मी तो उघडून ठेवायचे. १० ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फियाचं स्त्रियांचं वैद्यकीय महाविद्यालय. तीन विद्यार्थिनी शेजारी शेजारी. जपानच्या केई ओकामी किमोनोत, सीरियाच्या सबात इस्लामबुली आपल्या देशीच्या वेषात आणि आपल्या आनंदीबाई जोशी साडीत. आनंदीबाई एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या, वय अठरा. आम्हीही न्यूयॉर्कलाच चाललो होतो. जिच्यासोबत कुणी आपलं माणूस नव्हतं, जिच्यासाठी परदेशी पोशाखाबद्दलची सूचनांची पानं कुणी छापलेली नव्हती, ती मुलगी त्या फोटोत सरळ कॅमेऱ्याकडे पाहते आहे. मी गाऊन घडी करून बॅगेत ठेवला. रागाने नाही. लेकीला तो छान दिसेल असं मनात आलं.

चंद्रकळा नेसले. हलत्या जमिनीवर साडी नेसणं हे एक वेगळंच काम आहे, म्हणून इथे तपशील सांगते. मला कुणी आधी सांगायला हवे होते. निऱ्या दोन बोटं वर घ्याव्यात, कारण जहाज कललं की पाऊल नेहमीपेक्षा लांब पडतं आणि निरीत अडकतं. डेकच्या दारांना उंबरठे असतात, तिथे निऱ्या हाताने उचलाव्यात. निऱ्यांना आतून एक पिन, खांद्यावर दोन. नुसता मोकळा पदर डेकवरच्या वाऱ्यात क्षणभरही टिकत नाही. चपला सपाट आणि मागे पट्टा असलेल्या. शाल हवीच, भोजनगृहात थंडी असते. आणि नेसायला अर्धा तास जास्त ठेवावा. न्यूयॉर्कच्या दिशेने जाताना सातांपैकी पाच रात्री घड्याळं एकेक तास मागे घेतात, त्यामुळे वेळ भरपूर असतो. पण शरीराला बदललेली वेळ कळत नाही आणि सहाच्या सुमाराला पेंग येते.

यांनी जोधपुरी कोट घातला. दारापाशी यांचा हात गळ्याच्या बटणाकडे गेला. मी म्हटलं, "अहो, चला." आत गेलो.

आमच्या टेबलावर सहा जण होते. त्यातले एक स्कॉटिश गृहस्थ होते, काळ्या जॅकेटखाली कौटुंबिक चौकड्यांचा किल्ट आणि गुडघ्यापर्यंत मोजे. ते उठून उभे राहिले, यांच्या कोटाकडे पाहून म्हणाले, "बरं झालं, टेबलावर आपल्या घरचे कपडे घातलेला मी एकटा नाही." यांचा हात बटणावरून खाली आला, तो पुन्हा गेला नाही. इस्त्रीच्या खोलीतल्या बाई दोन टेबलांपलीकडे होत्या. त्यांचा स्कार्फ आज पांढरा होता. त्यांनी दुरूनच माझ्या साडीकडे पाहून मान हलवली.

सूप वाढायला आलेला तरुण मला "मॅडम" म्हणाला. सूप ठेवलं, एक पाऊल मागे झाला आणि हळूच मराठीत म्हणाला, "काकू, चंद्रकळा ना? माझी आई संक्रांतीला अशीच नेसते." तो सावंतवाडीकडचा होता. कोकणातली आणि गोव्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या बोटींवर कामाला जातात. गोव्यात अशा दर्यावर्दी माणसाला तारवटी म्हणतात, आणि कितीतरी घरांच्या भिंती या माणसांनी पाठवलेल्या पैशांवर उभ्या राहिल्या आहेत. त्याची आठ महिन्यांची पाळी होती. संक्रांतीला तो घरी नसणार होता. त्या सूपानंतर प्रत्येक पदार्थ ठेवताना तो सगळ्यांसमोर "मॅडम" म्हणायचा आणि उचलताना, फक्त मला ऐकू येईल असं, "काकू".

त्याच्याकडे पाहताना माझ्या लक्षात आलं, की त्या दालनात सगळ्यात काटेकोर कपडे आमचे नव्हतेच. ते त्याचे होते. जाकीट, कडक कॉलर, चकचकीत बूट, डाग नाही, सुरकुती नाही, आणि हे दोन नव्हे तर सगळ्या रात्री. आमच्यासाठी पोशाख ही आठवड्यातल्या दोन रात्रींची हौस होती. त्याच्यासाठी ते काम होतं. आणि इतके चांगले कपडे घालूनही त्याला त्या टेबलावर बसता येणार नव्हतं. मला अंगणातल्या गड्याची खाली घातलेली मान पुन्हा आठवली. या मुलाची मान वर होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली. पण आठवण झाली ती झालीच.

मग मी त्या प्रथेचा इतिहास मनात लावून पाहिला. अटलांटिक ओलांडणाऱ्या जुन्या बोटींवर रात्री नटून जेवायला बसायचे ते पहिल्या वर्गातले लोक. त्याच बोटींच्या खालच्या मजल्यांवर, तिसऱ्या वर्गात, अमेरिकेत नवं आयुष्य शोधायला निघालेली हजारो गरीब कुटुंबं असायची. त्यांना वरच्या भोजनगृहाचं दारही दिसायचं नाही. म्हणजे इथेही कपडे कधीकाळी कुंपण होते, आमच्या सोवळ्यासारखेच. कुंपणातली श्रद्धा ठेवून कुंपण काढून टाकता येतं का, हा प्रश्न मी आयुष्यभर आजीच्या बाबतीत विचारत आले. त्या जहाजावर मला त्याचं अर्धंमुर्धं उत्तर दिसलं. आज तिकीट काढलेला कुणीही त्या दारातून आत जाऊ शकतो, किल्ट घालून, किमोनो घालून, चंद्रकळा नेसून. चौदा वर्षं जुना ड्रेस चालतो. ज्याला नटायचं नाही त्याला बुफे आहे, पब आहे. तिथेही तोच समुद्र दिसतो. ब्रिटानियाच्या दाराने आमच्याकडे एकच गोष्ट मागितली होती, की तयार होऊन या. ती मागणी मला मान्य आहे. येऊच नका असं सांगणारा कपडा मात्र मला कुठेच मान्य नाही, इथेही नाही आणि गावच्या वाड्यातही नाही.

जेवणानंतर नृत्याच्या दालनात गेलो. काळ्या-पांढऱ्या जोड्या गोल फिरत होत्या. मधेच जहाज हलकंसं कललं आणि सगळे एकदम एकाच बाजूला दोन पावलं सरकले, पुन्हा जागेवर आले. माझ्या निऱ्या सुटल्या नाहीत. आम्हांला नाचता येत नाही. आम्ही कडेला बसून पाहिलं. चाळीस वर्षांत इतका वेळ शेजारी शेजारी, घड्याळ न पाहता बसलो होतो असं आठवत नाही.

लाल-सोनेरी रात्रीला पैठणी नेसले. तिची काळजी करावीच लागली नाही. ती मुळात असल्याच रात्रीसाठी विणलेली असते. टेबलावरच्या एका अमेरिकन बाईंनी काठावरचे मोर पाहून विचारलं, हे छापलेले आहेत का. मी पदराची मागची बाजू उलटून दाखवली. मागेही तेच मोर, तितकेच नीट, एक धागा लोंबता नाही. हातमागावर येवल्याला विणतात, असं सांगितलं. त्यांनी पदर कितीतरी वेळ हातात धरून ठेवला. सावंतवाडीचा मुलगा पाणी भरत होता, तो तेवढ्यापुरता थांबला होता.

मधल्या रात्रींना नारायणपेठ, इरकल, एक साधी कोयरीची टसर. सहा साड्या पुरल्या. साडीचा एक मोठा गुण मला त्या प्रवासात नव्याने कळला. तिला माप नसतं. गेल्या वर्षीच्या आणि या वर्षीच्या अंगात तिला फरक दिसत नाही, आणि सहा साड्या एका बॅगेच्या अर्ध्यात मावतात. शेजारच्या केबिनमधल्या कुटुंबाच्या बॅगा पाहिल्या तेव्हा हे पटलं.

शेवटच्या संध्याकाळी सूचना आली. मोठ्या बॅगा रात्री केबिनबाहेर ठेवायच्या. पहाटे त्या जहाजातून उतरवल्या जातात. उद्याचे कपडे तेवढे हातातल्या पिशवीत ठेवा. मग चंद्रकळा, पैठणी, जोधपुरी कोट, न घातलेला गाऊन, सगळं बंद झालं. माझ्याकडे उरली एक सुती साडी, जी मी घरात नेसते, आणि यांच्याकडे एक चौकड्यांचा शर्ट. आता मला ठाऊक होतं, की जुन्या रीतीप्रमाणे ही रात्र पेट्या बांधलेल्यांची असते. आम्ही दारापाशी थबकलो नाही.

स्कॉटिश गृहस्थ स्वेटरमध्ये होते. यॉर्कशरच्या बाई आमच्या टेबलापाशी निरोप घ्यायला आल्या, साध्या निळ्या कार्डिगनमध्ये. सहा दिवस ज्यांना रेशमात आणि मोत्यांत पाहिलं होतं, ती सगळी माणसं त्या रात्री आपापल्या घरातून उठून आल्यासारखी दिसत होती आणि जास्त मोकळेपणाने बोलत होती. त्यांना त्या कपड्यांत ओळखायला मला क्षणही लागला नाही.

सावंतवाडीचा मुलगा मात्र नेहमीसारखाच होता, कडक कॉलर, चकचकीत बूट. त्याने आदल्या सगळ्या रात्रींसारखीच माझी खुर्ची मागे ओढली, मी बसेपर्यंत धरून ठेवली, आणि नॅपकिन उलगडून दिला. मी त्याच्या आईचा फोन नंबर मागितला. म्हटलं, साताऱ्याला परत गेले की संक्रांतीला तिला तिळगूळ पाठवीन, आणि फोन करून सांगेन, की तुझा मुलगा मी रोज पाहिला, रोज नीटनेटका होता. त्याने ऑर्डर लिहायच्या वहीतला कागद फाडला, नंबर लिहिला आणि माझ्या हातात दिला. या वेळी सगळ्यांसमोर म्हणाला, "काकू, नक्की करा हं."